नामजप सुरू करताना : मुंबईच्या धावपळीत पहिले चाळीस दिवस

घरात कुणी आजारी आहे, नोकरीचं काही खरं नाही, बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट अडकलंय आणि फोनवर दिवसभर भलभलत्या बातम्या आदळतायत. अशा दिवसांत कुणीतरी हमखास सांगतं, "नाम घे, बरं वाटेल." पण नाम घ्यायचं म्हणजे नेमकं करायचं काय, ते कुणी सांगत नाही. कोणतं नाम? किती वेळा? माळ लागतेच का? गाडीत घेतलं तर चालतं का? पाळीच्या दिवसांत काय करायचं? मन भलतीकडेच गेलं तर तो जप धरायचा की नाही? या साध्या प्रश्नांपाशी अडून कितीतरी माणसं आठवड्याभरात सोडून देतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

नामानं परिस्थिती बदलत नाही. कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो, रिपोर्टमधले आकडे तेच राहतात. मन मात्र भरकटलं तरी लवकर परत येऊ लागतं, आणि अडचणीच्या दिवशी त्याचा मोठा आधार होतो. म्हणून तहान लागल्यावर विहीर खणायला बसू नका. साध्यासुध्या दिवसांत चाळीस दिवस बसा. संकट आधीच दारात आलं असेल तर खालचा मुद्दा ८ आधी वाचा आणि मग इथे परत या.

जवळ काय हवं

- एक नाम (मुद्दा १)
- १०८ मण्यांची माळ. पहिला आठवडा नसली तरी चालेल, बोटं पुरतात
- जाड सुती किंवा लोकरीचं आसन; गुडघे दुखत असतील तर सरळ पाठीची खुर्ची
- माळ ठेवायला गोमुखी (जपाची कापडी पिशवी) किंवा झाकणाची डबी
- खिशात मावेल अशी वही आणि पेन
- भिंतीवरचं किंवा मनगटावरचं घड्याळ. फोन नको

कागदपत्रं कसलीच लागत नाहीत. नावनोंदणी, फी, दीक्षा यांतलंही काही लागत नाही.

१. नाम एकच ठरवा

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. सोमवारी शंकराचं, मंगळवारी गणपतीचं, गुरुवारी दत्ताचं असं वारांप्रमाणे नाम बदलत गेलात तर एकही नाम जिभेवर बसणार नाही. चाळीस दिवस एकच ठेवा.

निवडायचं कसं? घरात जे चालत आलंय ते आधी बघा. आजी कामं करताना जे पुटपुटायची ते नाम तुमच्या कानात आधीपासूनच आहे, आणि निम्मं काम तिथेच झालेलं असतं. तसं काही नसेल तर सर्वांना खुली असलेली ही नावं आहेत : वारकऱ्यांचं "राम कृष्ण हरी", तेरा अक्षरांचं "श्रीराम जय राम जय जय राम", "ॐ नमः शिवाय", बारा अक्षरांचं "ॐ नमो भगवते वासुदेवाय", सहा अक्षरांचं "श्री स्वामी समर्थ". बौद्ध घरातल्या माणसाला "बुद्धं सरणं गच्छामि" जवळचं वाटेल. देवाचं नावच नको असेल तर नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघत राहायचं, त्याला आनापान म्हणतात. माळेचा भाग सोडला तर या लेखातल्या बहुतेक सूचना तिथेही लागू पडतात.

ह्रीं, क्लीं यांसारखे एकाक्षरी बीजमंत्र मात्र इंटरनेटवरून उचलू नका. त्यांच्या मागे गुरूनं शिकवायची रीत आहे, उच्चाराचे नियम आहेत. साध्या नामाला यातलं काही लागत नाही, आणि सुरुवातीला तेच भरपूर आहे.

दोन नावांत अडलात तर दोन्ही अकरा-अकरा वेळा मोठ्यानं म्हणून बघा. जे म्हणताना श्वास मध्येच तुटत नाही ते घ्या.

२. माळ : कोणती घ्यायची, कशी धरायची

विठ्ठल, राम, कृष्ण यांच्या नामाला तुळशीची, शंकराच्या नामाला रुद्राक्षाची, अशी रूढी आहे. स्फटिकाची किंवा साध्या लाकडी मण्यांचीही चालते. दादरला स्टेशनबाहेर, भुलेश्वरला आणि मोठ्या देवळांबाहेर पूजासाहित्याच्या दुकानांत माळा मिळतात. विकत घेताना तीन गोष्टी बघा.

मणी किती आहेत ते दुकानातच मोजा. १०८ मणी आणि वर एक वेगळा मेरुमणी, म्हणजे एकूण १०९. स्वस्त माळांत चार-पाच मणी कमी निघतात. मण्याचा आकार साधारण आठ मिलिमीटर असावा. त्याहून बारीक मणी बोटांतून निसटतात आणि अर्धं लक्ष ते पकडण्यातच जातं. तिसरं, दोन मण्यांमध्ये गाठ आहे का बघा. गाठ असली की एक मणी सरकल्याचं बोटाला कळतं, शिवाय दोरा तुटला तरी सगळे मणी घरभर होत नाहीत.

"सिद्ध केलेली", "अभिमंत्रित" म्हणून हजारो रुपये सांगितले तर घेऊ नका. रुद्राक्ष पाण्यात बुडतो की तरंगतो यावरून खरा-खोटा ठरत नाही, त्यामुळे दुकानदारानं वाटीत टाकून दाखवला म्हणून जास्त पैसे मोजायचं कारण नाही. सर्वांत सहज मिळणारा पंचमुखी रुद्राक्ष जपाला पुरेसा आहे.

आणखी एक गल्लत होते. वारकरी गळ्यात घालतात ती तुळशीची माळ आणि जपाची माळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गळ्यातल्या माळेसोबत मांसाहार, दारू सोडण्याचे नियम येतात. जपाच्या माळेला ते बंधन नाही. "माळ घेतली" हे ऐकून घरचे काळजीत पडले तर त्यांना एवढा फरक समजावून सांगा.

धरायची अशी : माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टाकायची आणि अंगठ्यानं एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लावायची नाही, ही परंपरा आहे. मेरुमण्याच्या शेजारून सुरुवात करायची. फिरून मेरुमण्यापाशी आलात की तो ओलांडायचा नाही. माळ उलटी फिरवून परत मागे जायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत उलटवताना माळ हमखास हातातून पडते. पडली तर उचला आणि तिथूनच पुढे चालू करा.

परंपरेत एक फार समजूतदार हिशेब आहे. माळ १०८ मण्यांची असली तरी मोजताना ती शंभरच धरतात. वरचे आठ चुकलेल्या, अर्धवट म्हटलेल्या नामांसाठी सोडलेले. तेव्हा मध्येच एखादा मणी नामाशिवाय सरकला म्हणून पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही.

३. वेळ आणि जागा

पुस्तकी उत्तर ब्राह्ममुहूर्त. मुंबईतलं खरं उत्तर तुमच्या नळाला पाणी किती वाजता येतं त्यावर अवलंबून आहे. पाणी साडेपाचला येत असेल आणि भरायचं काम तुमचंच असेल, तर पाचला बसून अर्ध्यातून उठण्यापेक्षा पाणी भरून झाल्यावर बसा. डबा, मुलांची शाळा आणि गाडीची वेळ मांडून बघा आणि पंधरा मिनिटांची अशी फट शोधा की रोज तीच मिळेल. सव्वासहा म्हणजे सव्वासहा. आज पहाटे, उद्या रात्री, परवा दुपारी असं केलं की रोज मनाशी नव्यानं वाद घालावा लागतो, आणि त्या वादात बहुतेकदा आपण हरतो. शिफ्ट बदलत असेल तर घड्याळाची वेळ सोडा आणि "आंघोळ झाल्यावर लगेच" असा नेम धरा.

जागेचंही तसंच. वन रूम किचनमध्ये सहा माणसं असली तरी दोन बाय दोन फुटांची जागा निघते. देव्हाऱ्यासमोर, कपाटाच्या कडेला, गॅलरीत, अगदी पलंगाच्या पायथ्याशीही. भिंतीकडे तोंड करा, म्हणजे घरातली हालचाल डोळ्यांना दिसत नाही. कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही, रस्त्यावरचे हॉर्न थांबणार नाहीत. ते थांबायची वाट बघत बसलात तर या शहरात कधीच बसणं होणार नाही. गणपतीत आणि नवरात्रात मांडवाचे स्पीकर घरात घुमतात. त्या दिवसांत मनातल्या मनात न घेता नाम मोठ्यानं म्हणा, आपला आवाज आपल्या कानाला धरून ठेवतो.

घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा : "सव्वासहा ते साडेसहा मला हाक मारू नका, गॅसवर काही असेल तर बघा." हे सांगायला संकोच वाटतो. पण न सांगता बसलं की तिसऱ्या मिनिटाला हाक येते आणि मग चिडचिड होते.

४. पहिली बैठक, मिनिटामिनिटानं

फोन सायलेंट करून दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरी खोली नसेल तर फ्रिजवर ठेवा, हात पोचायचा नाही इतका लांब.

*पहिलं मिनिट.* मांडी घालून किंवा खुर्चीत पाय जमिनीला टेकवून बसा. पाठ सरळ, पण ताठर नको. खांदे एकदा कानांपर्यंत उचलून सोडून द्या. दातावर दात असतील तर जबडा सैल करा. काळजीत असलेल्या माणसाचा जबडा नेहमी आवळलेला असतो आणि त्याला पत्ताही नसतो.

*पुढची दोन मिनिटं.* अकरा नामं श्वासाबरोबर. नाकानं श्वास आत घ्या, आणि सोडताना एक नाम सावकाश, ऐकू येईल असं म्हणा. श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा थोडा जास्त असू द्या : चार अंक मोजून आत, सहा मोजून बाहेर. एका नामाला साधारण दहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. या गतीचा शरीराशी थेट संबंध आहे. लांब उच्छ्वासानं हृदयाची गती उतरते आणि शरीराला धोका टळल्याची खूण मिळते. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा अभ्यास छापून आला होता. कॅथलिक ख्रिश्चनांची जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि बौद्धांचं "ॐ मणि पद्मे हुं" या दोन्हींचा जप करताना माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येतो, असं त्यांना आढळलं. दोन धर्म, दोन भाषा आणि श्वासाची गती एकच.

*त्यापुढे एक माळ.* आता श्वासाकडे लक्ष देऊ नका, नाम आपल्या चालीनं चालू द्या. "राम कृष्ण हरी"ची माळ चार मिनिटांत होते, तेरा अक्षरी मंत्राची सातेक मिनिटांत. दोन-अडीच मिनिटांत संपत असेल तर तुम्ही अक्षरं गिळताय.

*शेवटची दोन मिनिटं.* माळ खाली ठेवून नुसतं बसा. ही दोन मिनिटं सगळेच गाळतात. माळ संपली की उठून मोबाइलकडे धावतात आणि जे थोडंफार स्थिरावलेलं असतं ते तिथेच सांडतं. एवढं बसाच.

सगळी मिळून नऊ ते बारा मिनिटं.

जपाचे तीन प्रकार सांगितलेले आहेत. वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे फक्त ओठ हलतील असा, आणि मानस म्हणजे मनातल्या मनात. शास्त्रात मानस जप सर्वांत वरचा मानलेला आहे, म्हणून नवखी माणसं थेट तिथूनच सुरुवात करतात. शिवाय शेजारी ऐकतील ही लाज असतेच. आणि मग दहाव्या मण्याला झोप लागते. पहिले पंधरा दिवस वाचिक ठेवा. घरात कुणी झोपलं असेल तर उपांशु. मानस जप आपसूक सुरू होईल, त्याला ओढून आणू नका.

५. चाळीस दिवसांची मांडणी

दिवस १ ते ७ : सकाळी एक माळ. उत्साह कितीही असला तरी दुसरी नको.

दिवस ८ ते २१ : सकाळी एक आणि रात्री झोपण्यापूर्वी एक. रात्रीची माळ अंथरुणात आडवं होऊन नको, बसूनच. आडवं झाल्यावर नाम चालू ठेवायला हरकत नाही, ते मोजायचं मात्र नाही.

दिवस २२ ते ४० : सकाळी दोन, रात्री एक, आणि प्रवासात न मोजता.

वहीत रोज एक ओळ लिहा : तारीख, किती माळा झाल्या, आणि बसताना मन कसं होतं ते एका शब्दात. "जड", "घाई", "ठीक", "राग". महिन्याभरानं पानं उलटली की कोणत्या वाराला मन बिघडतं, कुणाच्या फोननंतर बिघडतं, हे स्वतःच्याच अक्षरात दिसतं.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. चुकला तो चुकला, वहीत "नाही" लिहा आणि नेहमीएवढंच करा. दुप्पट करणारी माणसं तिसऱ्या दिवशी चौपटीच्या ओझ्याखाली सोडून देतात.

६. पाळी, सुतक, सोवळं

हा प्रश्न लोक विचारायला लाजतात, म्हणून स्पष्ट लिहिते. नामाला सोवळं-ओवळं नाही, काळ-वेळ नाही, ही संतांची शिकवण आहे आणि वारकरी परंपरा ती मानत आली आहे. पाळी असो, सुतक असो, आंघोळ झालेली नसो, नाम घेता येतं. घरात देवाला किंवा माळेला शिवण्याबाबत वेगळी रीत पाळत असतील आणि त्यावरून वाद नको असेल, तर त्या दिवसांत माळ बाजूला ठेवून बोटांवर मोजा. घरात मृत्यू झाला असेल तर पूजा बंद राहते, आणि त्याच दिवसांत नामाची सर्वांत जास्त गरज असते. गुरूकडून मंत्र घेतलेला असेल तर मात्र त्यांनी सांगितलेले नियम पाळावेत.

७. लोकलमध्ये

गर्दीच्या वेळी माळ बाहेर काढू नका. ती कुणाच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकते, तुटते, पायाखाली जाते. त्यासाठी बोटांची पेरं आहेत. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, म्हणजे बारा. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरापासून वर नेत तर्जनीपर्यंत आलात की बारा झाले. अशा नऊ फेऱ्या म्हणजे १०८. फेऱ्या मोजायला दुसऱ्या हाताची पेरं वापरा. तो हात कडीला धरलेला असेल तर फेऱ्या मोजूच नका. परंपरेत दहा पेरांची करमालाही आहे. तिच्यात मधल्या बोटाची खालची दोन पेरं मेरू मानून वगळतात. नवख्याला बाराची सोपी पडते.

मोजण्याची कटकटच नको असेल तर स्टेशनं आहेत. दादरहून चर्चगेटकडे स्लो गाडीत प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी असं एकेक स्टेशन येतं. गाडी सुटली की नाम सुरू, स्टेशनात थांबली की थांबायचं, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना वाट द्यायची, सुटली की पुन्हा सुरू. थांबण्याची आणि परत सुरू करण्याची ही सवय फार मोलाची आहे. बाहेर गोंधळ झाला तरी नामाकडे परत यायचं, ते इथे रोज वीस वेळा शिकायला मिळतं.

उभ्यानं जप करताना डोळे उघडे ठेवा आणि एकाच जागी बघा : डब्यातली जाहिरात, पंख्याची जाळी, काहीही. चढताना, उतरताना, रूळ किंवा रस्ता ओलांडताना आणि गाडी चालवताना नाम घेत असलात तरी लक्ष रस्त्यावर हवं. दारात लटकून तर नकोच. कानात जपाची रेकॉर्डिंग लावून मोबाइल बघत राहिलात तर जप त्या रेकॉर्डिंगचा होतो, तुमचा नाही.

काही गाड्यांत ठरलेल्या डब्यात भजनी मंडळं असतात. तुमच्या गाडीला असेल तर चार दिवस तिथून प्रवास करून बघा. एकट्यानं न होणारं नाम टाळाच्या ठेक्यावर सहज होतं, आणि सोबतीची माणसं मिळतात ती वेगळीच.

८. ज्या दिवशी सगळंच कोसळतं

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हजारो माणसं गाड्यांत, ऑफिसांत, रस्त्यांवर रात्रभर अडकली. तशी रात्र प्रत्येकाच्या वाट्याला पुन्हा येईलच असं नाही, पण हॉस्पिटलच्या पॅसेजमधली एखादी रात्र येतेच. अशा वेळी पद्मासन, वेळ, जागा यातलं काही नसतं. क्रम असा ठेवा.

आधी सुरक्षितता. पाणी चढतंय तर उंच जागा गाठा, घरी एक मेसेज टाका, बॅटरी वाचवा, पाण्याची बाटली भरून घ्या. हे झाल्याशिवाय डोळे मिटून बसू नका. धोक्यात असताना शरीर अस्वस्थ होतं ते बरोबरच आहे, ती अस्वस्थता दाबायची नाही.

मग दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा. ते टेकल्याचं जाणवू द्या. आधी श्वास सोडा. घाबरलेल्या माणसाला "खोल श्वास घे" सांगितलं की तो आणखी भरभर श्वास ओढतो आणि चक्कर येते. म्हणून सोडण्यापासून सुरुवात.

मग अकरा नामं श्वासाबरोबर, मुद्दा ४ मधल्या पहिल्या बैठकीसारखीच : नाकानं श्वास आत, सोडताना एक नाम. ओठ हलवत. दोन मिनिटं लागतात.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा : आत्ता पुढचं एक काम काय? रात्रीचं, उद्याचं नको, फक्त पुढचं एक. ते करा. झालं की पुन्हा अकरा नामं.

आयसीयूबाहेर बसलेले असाल तर माळ खिशात असू द्या, हातानं चाचपायला. मोजू नका. डॉक्टर बाहेर आले की नाम थांबवा आणि जपाची तीच वही उघडून ते काय सांगतायत ते लिहून घ्या. घाबरलेल्या अवस्थेत ऐकलेलं निम्मं विसरलं जातं, आणि पाच मिनिटांनी घरच्यांना फोनवर तेच सांगायचं असतं. "एवढ्या माळा केल्या तर माणूस वाचेल" असा सौदा मनात आला तर ओळखा आणि सोडून द्या. वाचला नाही तर जन्मभर स्वतःला दोष देत बसाल, आणि तो दोष तुमचा नसतो.

भांडणासाठीही हेच वापरा. चिडून मेसेजचं उत्तर टाईप केलंय? पाठवू नका. अकरा नामं, मग पुन्हा वाचा.

९. हमखास अडणाऱ्या गोष्टी

*मन भरकटतं.* भरकटणारच. मणी पुढे गेले आणि मन ऑफिसात होतं, असं लक्षात येईल. ज्या क्षणी लक्षात आलं त्या मण्यापासून पुढे चला. बैठकीत हे तीस वेळा झालं तर तीस वेळा परत आलात, एवढंच.

*झोप येते.* डोळे अर्धे उघडा, आवाज वाढवा, तोंडावर पाणी मारून या. रोजच येत असेल तर रात्रीची झोप अपुरी आहे. अशा वेळी पहाट सोडा आणि अर्धा तास जास्त झोपा.

*रडू येतं.* येऊ द्या. दाबून ठेवलेलं शांत बसल्यावर वर येतं.

*कंटाळा.* पाचव्या-सहाव्या दिवशी आणि पुन्हा तिसऱ्या आठवड्यात येतो. नाम बदलायची इच्छा याच दिवसांत होते. बदलू नका.

*आकड्यांचा नाद.* कुणाच्या दहा माळा होतात, कुणाचा लाखाचा संकल्प, ग्रुपवर रोज आकडे टाकायचे. वेग वाढतो, अक्षरं तुटतात, आणि आकडा कमी पडला की जपाचंच टेन्शन येतं. बोटात घालायचे डिजिटल काउंटर प्रवासात सोयीचे आहेत, पण आकडा स्वतःपुरताच ठेवा.

*भीती घालणारे.* "जप सोडलास तर अनिष्ट होईल", "तुझ्या घरावर काहीतरी आहे, एवढे पैसे दे, उतरवतो" असं म्हणणाऱ्यापासून तिथल्या तिथे उठा. अडचणीतला माणूस हेरूनच अशी मंडळी येतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि पोलिसांत तक्रार करता येते.

१०. बातम्या आणि फोन

सकाळचा जप होईपर्यंत फोन उघडू नका, आणि रात्रीच्या जपानंतर तर नाहीच. बातम्यांसाठी दिवसातल्या दोन वेळा ठरवा. अलार्मसाठी फोन उशाशी लागतो, हे नेहमीचं कारण. साधं अलार्मचं घड्याळ घ्या.

११. कुठे बसायला जावं

सिद्धिविनायकाला मंगळवारी दर्शन होईल, निवांत बसणं होणार नाही. बसायचंच असेल तर वाळकेश्वरच्या बाणगंगेच्या पायऱ्यांवर सकाळी लवकर जा. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात आषाढी सोडून एखाद्या साध्या दिवशी जा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत भिक्खूंनी कोरलेल्या दगडी ओट्यांवर दहा मिनिटं बसून बघा. लेणी सोमवारी बंद असतात. गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडाला बोरिवलीहून गोराई जेट्टीवर जाऊन बोटीनं पोचता येतं. २००९ साली तो खुला झाला आणि त्याच्या घुमटाला आतून एकही खांब नाही.

चाळीस दिवसांनंतर सलग मोठी साधना हवी असेल तर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर आहे. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र मुंबईकरांना सर्वांत ओळखीचं. मात्र तिथे नामजप, माळ, पूजा हे सगळं शिबिरापुरतं बाजूला ठेवावं लागतं. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा असतो. पहाटे चारला उठणं, पूर्ण मौन, फोन जमा. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण जाण्या-येण्याचे दिवस धरून रजा बारा दिवसांची टाका. फी नाही, खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो. ऑनलाइन अर्ज बराच आधी करावा लागतो आणि सोबत ओळखपत्र ठेवावं. अर्जात मानसिक आजार आणि औषधांविषयी विचारलेलं असतं. तिथे खरं तेच लिहा.

१२. कधी थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, छातीत धडधडून घाम फुटतो, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटतं, तर जप वाढवू नका, डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. चालू असलेल्या गोळ्या "आता नाम घेतोय ना" म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. औषध आणि नाम एकाच माणसाला एकाच वेळी चालतं. बसल्यावर बेचैनी वाढत असेल, भास होत असतील, तर बैठक थांबवा, डोळे उघडून चालता चालता नाम घ्या आणि हे डॉक्टरांना सांगा.

१३. माळेची निगा

पावसाळ्यात दमट हवेनं लाकडी मण्यांवर बुरशी धरते. जपानंतर हाताचा घाम कोरड्या फडक्यानं पुसा, डबी ओलीच्या जागेपासून लांब ठेवा, ऊन पडेल त्या दिवशी माळ थोडा वेळ सावलीत उघडी ठेवा. मणी पाण्यात भिजवू नका, आतला दोरा कुजतो. रोज वापरातल्या माळेचा सुती दोरा कधी ना कधी झिजतोच.

माळ तुटली तर तो अपशकुन नाही, दोरा झिजला एवढंच. मणी गोळा करून वाटीत मोजा, पलंगाखालीही बघा. जिथून घेतली त्या दुकानात पुन्हा ओवून देतील, नाहीतर घरी जाड सुती दोऱ्यात, प्रत्येक मण्यानंतर गाठ मारत, तासाभरात ओवून होते. त्या दिवशीची बैठक चुकवू नका, पेरांवर मोजा.